तित्सियान ताबिद्झे, पास्तरनाकच्या आठवणीतला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्जियाचा कवी तित्सियान ताबिद्झे आणि त्याच्यावर जीव लावणारा रशियन कवी बोरिस पास्तरनाक यांच्याबद्दल मी कुठेही बोललो, की विषय आडवाटेचा असूनही प्रश्न ठरलेलेच येतात. एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली. काही लांबली, काही एका ओळीत आटोपली. जिथे मला सांगायला आवडतं तिथे मी रेंगाळलोय, हे कबूल.

आठवणी नेमक्या कोणी लिहिल्या, आणि कधी?

'डॉक्टर झिवागो'वाल्या पास्तरनाकने. १९५६ मध्ये त्याच्या कवितांचा एक मोठा निवडक संग्रह निघायचा होता. त्याला प्रस्तावना म्हणून त्याने एक छोटेखानी आत्मचरित्र लिहिलं. संग्रह निघालाच नाही. १९५७च्या नोव्हेंबरात 'झिवागो' मिलानमध्ये छापली गेली, पुढच्या वर्षी नोबेल जाहीर झालं, ते नाकारायला लावलं गेलं, आणि त्या धुमाळीत कवितांचं पुस्तक कोणाला सुचणार? १९६० मध्ये पास्तरनाक गेला. आत्मचरित्र मायदेशात छापून आलं ते १९६७ साली, 'नोवी मीर' मासिकात.

त्यातल्या शेवटाकडच्या प्रकरणाचं नाव 'तीन सावल्या'. पहिली सावली रशियन कवयित्री मरीना त्स्वेतायेवाची. उरलेल्या दोन जॉर्जियन मित्रांच्या, पाओलो याश्विली आणि तित्सियान ताबिद्झे यांच्या. माझं बोलणं बहुतेक या दोन सावल्यांवर चालतं, त्यातही तित्सियानवर.

जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं का?

नाही. कॉकेशसमधला देश, राजधानी त्बिलिसी. १९३६ पर्यंत बाहेरचे लोक तिला तिफ्लिस म्हणत, म्हणून खाली दोन्ही नावं येतील. आणि पाचव्या जॉर्ज राजाच्या काळातले इंग्लंडमधले 'जॉर्जियन' कवी ते वेगळे. त्यांचा इथे काही संबंध नाही.

एवढ्या मोठ्या लेखकांना तुम्ही अरे-तुरे का करता?

आपण 'तुका म्हणे' म्हणतो तेव्हा कोणी अपमान समजत नाही. आवडता कवी मराठीत एकेरीतच येतो. शिवाय 'ताबिद्झे साहेब' म्हटलं की तो म्युनिसिपालिटीतला इंजिनिअर वाटायला लागतो.

पास्तरनाक जॉर्जियात गेलाच कसा?

घर मोडलं म्हणून. १९३०-३१च्या हिवाळ्यात त्याचा पहिला संसार विस्कटत होता. झिनाइदा नोयगाउझ, त्याच्या पियानोवादक मित्राची बायको, हिच्यावर त्याचं प्रेम बसलं होतं आणि दोन्ही घरांत उलथापालथ चालू होती. त्याच हिवाळ्यात पाओलो याश्विली मॉस्कोत त्याला भेटायला आला. देखणा, बोलघेवडा, युरोपीय रीतीचा गडी. त्याने ही सगळी दशा पाहिली आणि म्हणाला, चला आमच्याकडे. १९३१च्या उन्हाळ्यात पास्तरनाक आणि झिनाइदा तिफ्लिसला पोचले.

बिऱ्हाड मोडलेल्या माणसाला जो आसरा देतो तो आयुष्यभर लक्षात राहतो. या आठवणींत जी ऊब आहे तिचं निम्मं कारण मला हेच वाटतं. उरलेलं निम्मं कारण ते शहर: डोंगराच्या उतारावर चढलेली घरं, उत्तरेत दाराआड चालणारं आयुष्य इथे अंगणातून रस्त्यावर सांडलेलं. मॉस्कोच्या एका सामायिक फ्लॅटमधून आलेल्या माणसाला हे पाहून काय झालं असेल ते मुंबईच्या चाळीतून पहिल्यांदा कोकणात गेलेल्याने सांगावं.

आठवणींत सर्वांत सुंदर काय आहे?

कोजोरीचं घर.

कोजोरी हे तिफ्लिसच्या वर डोंगरातलं हवा खायचं गाव. तिथे रस्त्याच्या वळणावर एक घर. रस्ता घराच्या दर्शनी बाजूने चढत येतो, घराला वळसा घालतो आणि मागच्या भिंतीला लागून पुढे निघून जातो. त्यामुळे रस्त्याने जाणारा प्रत्येक जण घरातून दोनदा दिसतो. एकदा पुढून, एकदा मागून.

संध्याकाळी सगळे जमलेत. बातम्यांची देवाणघेवाण, जेवण, मग कोणी काही वाचून दाखवतं. वारा पॉपलरच्या झाडांची चंदेरी पानं बोटांनी चाळावीत तशी चाळतो, पानांची खालची बाजू पांढऱ्या मखमलीसारखी. वर रात्रीचं आकाश हळूहळू फिरतं, गाडीचा पुढचा सांगाडा खिळ्यावर फिरावा तसं. हे फिरणाऱ्या आकाशाचं चित्र मी फुटपाथवर घेतलेल्या, पुठ्ठा निघालेल्या इंग्रजी प्रतीत पहिल्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्या रात्री पुढे वाचवलं नाही.

आता काळ कसला, तर खायला अन्न नाही आणि अंगावर घालायला कपडा नाही. रशियन लेखक आंद्रेय बेलीचा एक टोमणा पास्तरनाक इथेच आठवतो: भौतिकवादाचा असा काही विजय झाला की जगात भौतिक म्हणून काही उरलंच नाही. हाताला लागेल असं काही नाही, नुसते विचार. आपण तगलो ते तिफ्लिसच्या मित्रांमुळे, असं तो लिहितो. हे मित्र कुठून तरी काहीतरी पैदा करून आणत आणि प्रकाशकांकडून, कशाच्या जोरावर देव जाणे, उचल मिळवून देत.

आणि मग तो पुन्हा सांगतो की खाली रस्त्यावरून बैलगाड्या आणि मोटारी चालल्यात, आणि घरातून प्रत्येकजण दोनदा दिसतोय. ते वाक्य परिच्छेदात दोनदा येतं. रस्त्यावरच्या माणसासारखंच वळसा घालून परत जातं. हे त्याने मुद्दाम केलं की आपोआप झालं यावर मी मित्रांशी वाद घालत असतो. माझं मत: मुद्दाम.

तित्सियान माणूस म्हणून कसा होता?

फोटोत पाहाल तर गोल चेहरा, कपाळावर सरळ कापलेली झुलपं, आणि कोटाच्या काजात बहुधा लाल कार्नेशन. जन्म १८९५चा, पश्चिम जॉर्जियातल्या इमेरेती भागातला. शाळा कुताइसीला, जिथे रशियन कवी मायाकोव्स्कीही शिकला. पुढे मॉस्को विद्यापीठ. १९२४-२५ मध्ये रशियन कवी येसेनिन जॉर्जियात येऊन राहिला तेव्हा त्याचीही याच मंडळींशी गट्टी जमली. पाहुण्याला घरी नेणं हा तिथला धर्मच. जेवणाच्या पंगतीला एक 'तमादा' असतो, तो पेला उंचावून एकेक शुभेच्छा देतो, आणि त्याचं भाषण संपेपर्यंत पेल्याला तोंड लावायचं नाही.

पास्तरनाकची पद्धत अशी की तो दोन मित्रांना शेजारी उभं करून दाखवतो. पाओलो सगळा बाहेर, वर्तुळाच्या कडेकडे फेकला जाणारा. तित्सियान सगळा आत. प्रत्येक ओळीतून, प्रत्येक पावलातून तो तुम्हाला स्वतःच्या मनाच्या तळाकडे बोलावतो, आणि त्या तळाशी अंदाज आणि पूर्वसूचना भरलेल्या. त्याच्या कवितेत सांगितलेल्यापेक्षा न सांगितलेलं जास्त, असंही पास्तरनाक म्हणतो. हे वाक्य इतर कोणी लिहिलं असतं तर मी समीक्षकी म्हणून सोडून दिलं असतं. पण हा माणूस त्या कविता स्वतः अनुवादित करत होता. न सांगितलेलं किती आहे ते त्याला रोज टेबलावर मोजावं लागत होतं.

'निळी शिंगं' हा काय प्रकार?

कवींचा कंपू. कुताइसीत १९१५-१६च्या सुमारास विशीतल्या पोरांनी काढला: पाओलो, तित्सियान, वालेरियान गाप्रिंदाश्विली, कोलाउ नादिराद्झे, थोडा वडीलधारा ग्रिगोल रोबाकिद्झे, आणि इतर. १९१६ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं. शिंग म्हणजे 'कांत्सी', वाइन प्यायचं जॉर्जियन शिंग, जे भरलेलं खाली ठेवता येत नाही, रिकामंच करावं लागतं. निळा रंग स्वप्नाळू कवींचा. एकोणिसाव्या शतकातल्या निकोलोझ बारातश्विलीची निळ्या रंगावरची कविता तिथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते.

तित्सियानच्या त्या काळातल्या दोन ओळींत कंपूचा सगळा जाहीरनामा मावतो. हाफिजचा गुलाब मी प्रुदोमच्या फुलदाणीत ठेवला, बेसिकीच्या बागेत बोदलेअरची दुष्ट फुलं लावतोय, असा त्यांचा आशय. प्रुदोम आणि बोदलेअर हे फ्रेंच कवी; बेसिकी हा अठराव्या शतकातला जॉर्जियन दरबारी कवी, १७९१ मध्ये मेलेला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१९ मध्ये तिफ्लिसला नाट्यगृहाच्या तळघरात या मंडळींचा 'किमेरिओनी' नावाचा कॅफे होता. भिंती लादो गुदिआश्विली, दाविद काकाबाद्झे आणि सुदेइकिन यांनी रंगवलेल्या. तेव्हा जॉर्जिया तीन वर्षांपुरता स्वतंत्र होता. १९२१ मध्ये बोल्शेविक रशियाची लाल सेना आली.

गालाक्तिऑन ताबिद्झे म्हणजेच तित्सियान का?

नाही, चुलतभाऊ. जॉर्जियात जाऊन कोणालाही 'तुमचा सर्वांत लाडका कवी कोण' विचारलंत तर गालाक्तिऑनचं नाव येण्याचीच शक्यता जास्त. त्याची बायको ओल्गा ओकुद्झावा, गायक-कवी बुलात ओकुद्झावाची आत्या, हिला १९४१ मध्ये गोळी घातली गेली. तो स्वतः जगला, पिऊन पिऊन जगला, आणि १९५९च्या मार्चमध्ये त्बिलिसीतल्या इस्पितळाच्या खिडकीतून त्याने उडी टाकली. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं, इथे दोन ओळीत उरकणं बरं नव्हे.

पास्तरनाकला जॉर्जियन येत होतं?

जेमतेम. काम चालायचं ते शब्दशः केलेल्या कच्च्या रशियन तर्जुम्यावरून. जॉर्जियन कवी शब्दाला शब्द असा अर्थ उतरवून द्यायचे, चाल समजावी म्हणून मूळ कविता मोठ्याने म्हणून दाखवायचे, आणि पास्तरनाक त्यावर रशियन कविता बांधायचा. असे त्याने जॉर्जियन कवी वाझा-प्शावेलाचं दीर्घकाव्य, समकालीनांच्या कवितांचं पुस्तक (१९३५) आणि पुढे बारातश्विलीच्या सगळ्या भावकविता केल्या. आपल्याकडे रशियन साहित्य इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

अर्थात यात गमती होतात. तित्सियानची एक प्रसिद्ध कविता आहे: मी कविता लिहीत नाही, कविताच मला लिहिते; मी कविता म्हणतो ती धावून येणाऱ्या दरडीला, जी माणसाला ओढून नेते आणि जिवंत गाडते. मूळ शब्द आहे 'मेत्सकेरी'. म्हणजे दरडच, चिखल-माती-दगडाची. पास्तरनाकच्या रशियनमध्ये तिचं बर्फ झालं. हिमकडा कोसळतो. इंग्रजीतही मग बर्फच गेलं आणि जगभर तित्सियान बर्फाखाली गाडला गेला. मराठीत मात्र ही अडचण नाही. घाटात पावसाळा काढलेल्या कोणालाही 'दरड' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पास्तरनाकची कविता म्हणून पास्तरनाकचं भाषांतर उत्तमच आहे, पण थंड आहे. दरडीला मातीचा वास असतो.

१९३७ मध्ये काय झालं?

थोडक्यात सांगतो, कारण तपशिलात गेलं की हा पानभर मजकूर फक्त त्याचाच होतो. जॉर्जियात तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख बेरिया. लेखक संघात सभा होत, मित्रांनी मित्रांचा धिक्कार करायचा, न केल्यास तोही संशयित. २२ जुलै १९३७ला पाओलो याश्विलीने लेखक संघाच्या इमारतीतच शिकारीच्या बंदुकीने स्वतःला संपवलं. ती इमारत म्हणजे ब्रँडीचा कारखानदार साराजिश्विली याचा जुना वाडा, लाकडी जिना आणि रंगीत फरशांचा. संघाने त्याचा निषेध केला. मेलेल्या माणसाचा.

१० ऑक्टोबरला तित्सियानला अटक झाली. चौकशीत साथीदारांची नावं विचारल्यावर त्याने एकच नाव दिलं असं सांगतात: बेसिकी. ज्याच्या बागेत त्याने विशीत बोदलेअरची फुलं लावली होती, दीडशे वर्षांपूर्वी मेलेला, तोच. कोणालाही अडकवता येऊ नये म्हणून निवडलेलं नाव. १६ डिसेंबर १९३७ला त्याला गोळी घातली. वय बेचाळीस.

मग पास्तरनाक गप्प बसला?

आधीचं आधी. १९३६च्या एप्रिलमध्ये, औपचारिकतावादाच्या, म्हणजे आशयापेक्षा रूपाला जपल्याच्या, नावाने लेखकांवर झोड उठलेली असताना, त्याने तित्सियानला पत्र लिहिलं. सार असं: स्वतःवर विश्वास ठेव, गिरमिट खोल घाल, दयामाया न करता, पण स्वतःच्या आत. तिथे तुला लोक, जमीन आणि आकाश सापडलं नाही तर मग शोधणं सोड, दुसरीकडे कुठे ते नाहीच. मित्राला 'जरा जपून' असा सल्ला देण्याचे ते दिवस, आणि हा सांगतोय खोल जा.

पाओलोच्या मृत्यूनंतर पास्तरनाकने त्याच्या बायकोला, तामाराला, सांत्वनाचं पत्र पाठवलं. जाहीर निषेध झालेल्या माणसाच्या घरी टपालाने रडणं हे १९३७ मध्ये फार मोठं धाडस होतं. पण तो तुरुंगाच्या दारात जाऊन उभा राहिला का, तर नाही. तो वाचला आणि ते वाचले नाहीत. आठवणी वाचताना हा सल तुम्हाला प्रत्येक पानात टोचेल. त्याने तो लपवलेला नाही, आणि त्याचं भांडवलही केलेलं नाही.

आठवणींमध्ये तित्सियानच्या मृत्यूबद्दल इतकं कमी का आहे?

हा सर्वांत चांगला प्रश्न आणि याला माझ्याकडे पुरावा नाही, फक्त मत आहे.

पाओलोचा मृत्यू तो लिहितो. तेही त्याच प्रकरणात नाही; आधी, आत्महत्या केलेल्या लेखकांबद्दल बोलताना. मला वाटतं, असं म्हणून तो एक रात्र कल्पितो: पाओलो झोपलेल्या मुलीकडे पाहतोय, आपण आता तिच्याकडे पाहायच्याही लायकीचे राहिलो नाही असं त्याला वाटतंय, आणि सकाळी तो उठून सहकाऱ्यांकडे जातो. एवढं सगळं दिसतं, कारण आत्महत्येला माणूस असतो. तो उठतो, चालतो, ठरवतो.

तित्सियानच्या मृत्यूला दृश्यच नव्हतं. नेला, आणि मग अठरा-एक वर्षं काही नाही. कुठे, कधी, कोणासमोर, काही नाही. ज्याने वाऱ्याची बोटंसुद्धा पाहिली त्याला इथे पाहायला काही दिलंच नव्हतं. म्हणून तो मृत्यूकडे जात नाही, कोजोरीच्या घराकडे जातो. दोघांचं नशीब, त्स्वेतायेवाच्या नशिबासह, आपलं सर्वांत मोठं दुःख ठरायचं होतं, एवढं म्हणून तो थांबतो.

या आठवणींवर विश्वास कितपत ठेवावा?

तारखांसाठी ठेवू नका, माणसांसाठी ठेवा. आणि 'मला वाटतं' हे शब्द कुठे येतात त्यावर बोट ठेवून वाचा. कल्पना करताना तो ते सांगून करतो.

तित्सियानच्या बायकोचं काय झालं?

नीना. वाट पाहत राहिली. अशा घरांना सरकारकडून ठरलेलं उत्तर मिळे: दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. या उत्तराचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'गोळी घातली' असा होता, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक? पास्तरनाक तिला पैसे पाठवत राहिला, पत्रं लिहीत राहिला, आणि तित्सियान जिवंत असणार या आशेत तिला सोबत करत राहिला. १९५०च्या दशकाच्या मध्यावर तिला कळलं की नवरा अटकेनंतर दोन महिन्यांतच मारला गेला होता.

पुढची गंमत पाहा. १९५९च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन मॉस्कोला येणार होते. परदेशी पत्रकार पास्तरनाकला गाठू नयेत म्हणून त्याला शहराबाहेर जायला सांगण्यात आलं. तो कुठे गेला? त्बिलिसीला, नीनाच्या घरी. अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा तोच आसरा, यजमान मात्र अर्धेच. पुढच्या वर्षी तो शेवटच्या आजारात होता तेव्हा नीना मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनोला त्याच्या घरी होती.

त्बिलिसीत पाहण्यासारखं काही?

मेडिकलसाठी तिकडे गेलेली आपली मुलं हे विचारतात. ग्रिबोयेदोव रस्त्यावर तित्सियानच्या राहत्या घराचं संग्रहालय आहे. माचाबेली रस्त्यावर लेखकभवन, म्हणजे तीच वर सांगितलेली इमारत. म्तात्समिंदा टेकडीवर गालाक्तिऑनची कबर. कोजोरीला जाणार असाल तर वळणं मोजा.

'डॉक्टर झिवागो'शी तित्सियानचा काही संबंध आहे का?

कथेत नाही. कागदाशी आहे.

१९४५च्या ऑक्टोबरात बारातश्विलीच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, त्या समारंभाला पास्तरनाक त्बिलिसीत होता. नीनाकडे तित्सियानच्या टेबलातले कोरे कागद उरले होते. ते तिने पास्तरनाकला दिले. त्याने मॉस्कोला नेले आणि त्या हिवाळ्यात त्यांवर कादंबरी लिहायला घेतली. कागद जड, हस्तिदंती, कडेने पिवळा पडत चाललेला, उजेडात धरला की आतलं पाणचिन्ह दिसणारा.